दुखापतीच्या कोडमधलं सातवं अक्षर

आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे आजार-दुखापतींना कोड देण्याच्या अमेरिकी पद्धतीत, दुखापतीच्या कोडचं सातवं अक्षर 'ए' म्हणजे पहिली भेट, असं बहुतेक नवखे धरून चालतात. मीही चालायचो, आणि त्यापायी मी कोड लावलेले बरेच चार्ट (रुग्णांच्या नोंदी) दुरुस्तीला परत आले. 'ए' म्हणजे सक्रिय उपचार चालू. भेट तिसरी असो, डॉक्टर नवे असोत, त्या दुखापतीवर शस्त्रक्रिया होत असेल तर 'ए'च. हाड नीट जुळतंय आणि नुसतं प्लास्टर बदललं, तर 'डी'. जुन्या जखमेचा व्रण त्रास देतोय? आधी व्रणाचा कोड, मग दुखापतीचा 'एस' लावून.

फ्रॅक्चर उघडं (त्या जागी कातडी फाटलेलं) की बंद हे लिहिलेलं नसेल तर बंद धरायचं, हा नियमच आहे. डावी-उजवी बाजू मात्र अंदाजाने कधीही टाकू नका, डॉक्टरांना विचारा. आणि कोड आखूड पडला तर मधली जागा 'एक्स'ने भरा, सातवं अक्षर सातव्याच जागी हवं.