चालती पेट्रोल गाडी मोडून इलेक्ट्रिक घ्यावी का?

खानापूरहून एका वाचकांनी विचारलंय. रोज बेळगावच्या उद्यमबागेत कामाला जाऊन-येऊन ४६ किलोमीटर, इतर फिरणं धरून महिन्याला १,३००. गाडी २०१७ची, पेट्रोलवर लिटरला १५ देते. एक्स्चेंजमध्ये तिचे ३ लाख २० हजार येतायत आणि इलेक्ट्रिक गाडी ऑन-रोड साडेतेरा लाखांना पडतेय. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली ४ लाख ३० हजारांची एफडी मोडून बाकी ६ लाखांचं कर्ज काढावं का? कोल्हापूरचे मेहुणे म्हणतात, त्यांच्या नावावर घेतली तर आणखी स्वस्त पडेल.

माझं उत्तर: आत्ता नको. धूर कमी व्हावा ही तुमची इच्छा मला मनापासून पटते, म्हणूनच हिशेब नीट मांडतो.

पेट्रोल १०३ रुपये धरलं तर महिन्याला साधारण ८,९०० जातात. इलेक्ट्रिकला तेवढ्याच अंतरासाठी २०० युनिट लागतील. शोरूमवाला इथे युनिटला सात रुपयांनी गुणून १,४०० सांगतो आणि थांबतो. पण तुमच्या घरी गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना, आहे. महिन्याला १२० युनिट जळतात आणि बिल शून्य येतं. गाडी त्याच मीटरवर लावली की वापर ३२० वर जाणार, आणि २०० ओलांडले की सगळंच बिल भरावं लागतं. स्थिर आकार धरून २,७०० समजा. म्हणजे खरी बचत ६,२००.

आता दुसरी बाजू बघा. ६ लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १२,४५० बसतो. एफडीचं बुडणारं व्याज महिन्याला २,४००. वाचणार ६,२०० आणि जाणार १४,८५०.

गाडी बदलायची वेळच आली असती तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा प्रश्न साडेतेरा लाखांचा नसतो, तशाच नव्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्त पडणाऱ्या अडीच-तीन लाखांचा असतो. तुमच्या फिरण्यात ते चार वर्षांत वसूल होतात आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात. पण तुमची गाडी ठणठणीत आहे आणि तिची नोंदणी २०३२ पर्यंत आहे. हां, सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीचं मायलेज थोडं उतरतं. सर्व्हिसिंगला रबरी नळ्या तेवढ्या बघून घ्या.

मेहुण्यांच्या नावावर मुळीच घेऊ नका. एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरच्या नोंदणीची, गाडी कर्नाटकात बारा महिन्यांवर ठेवली की नोंदणी इकडे करावी लागते, आणि कर लागू असेल तर तोही इथला भरावा लागतो. शिवाय गाडी एकाच्या नावावर आणि चालवणारा दुसऱ्या राज्यातला, अशात अपघात झाला तर विम्यासाठी कोण धावणार? घरातली नाती यावरून तुटलेली मी पाहिली आहेत.

पावसाळ्याचं तर तुम्हाला मी काय सांगू! गेल्या आषाढात तुमच्याच तालुक्यातल्या एका अशिलाकडे गेलो होतो. रात्री झाड पडून करंट गेला होता. सकाळी गाडी ३८ टक्क्यांवर, आणि भिंतीतला १५ अँपियरचा सॉकेट कडेने काळा पडून वितळलेला. अर्थिंग नव्हतंच. तेवढ्या चार्जवर ते बेळगावला जाऊन आले, पण दुसऱ्या दिवशीही करंट आला नसता तर घरीच बसावं लागलं असतं. तुमच्या सासुरवाडीला, सावंतवाडीला, जाताना आंबोलीच्या उतारावर बॅटरी थोडी भरते. येताना तोच घाट ती भराभर खातो. तिथे रात्रभर चार्जिंगची सोय आहे का, तेही आधी बघा.

मग करायचं काय? १२,४५० चा हप्ता भरायची तुमची तयारी होतीच. त्यातले ८,००० दरमहा तीन वर्षांच्या आरडीत टाका. ७ टक्के व्याज धरलं तरी साधारण ३ लाख २० हजार होतात, म्हणजे पेट्रोल आणि इलेक्ट्रिकमधला फरक रोखीने हातात. दरम्यान हेस्कॉमच्या, म्हणजे तुमच्या वीज कंपनीच्या, कार्यालयात गाडीसाठी वेगळं मीटर मिळेल का आणि कोणत्या दराने, ते विचारा. मिळालं तर घरच्या गृहज्योतीला धक्का न लावता हिशेब पुन्हा मांडता येईल. घराचा मंजूर लोडही बिलावर बघून ठेवा, आणि चांगला वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. ते गाडी नसली तरी लागतंच.

एफडीला हात लावू नका. मुलीची पहिल्या वर्षाची फी त्यातूनच भरायची आहे.