ओटीपोटाचं दुखणं आणि कातडीखालचं यंत्र

प्रश्न : ओटीपोट चार वर्षं दुखतंय. डॉक्टर नसेला करंट देणारं यंत्र बसवू म्हणतात. बसवावं का?

उत्तर : आधी चाचणी. माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) तिसऱ्या छिद्रातून चार इलेक्ट्रोडची (करंट सोडणाऱ्या टोकांची) तार नसेजवळ सरकवतात. करंट दिल्यावर गुदद्वाराचा स्नायू आत ओढला गेला, पायाचा अंगठा वाकला, की जागा बरोबर. टाच वळली तर तार एक छिद्र वर गेली. मग बॅटरी बाहेर ठेवून एक-दोन आठवडे वेदनेची रोज नोंद. दुखणं निम्म्याने तरी उतरलं, तरच बॅटरी नितंबात बसवा. घाई कुणीही करो, हा टप्पा गाळू नका. यंत्राची मूळ मान्यता लघवी-शौचाच्या तक्रारींसाठी आहे, निव्वळ वेदनेसाठी नाही. तार सरकली तर आराम जातो, म्हणून सुरुवातीचे आठवडे वाकणं, वजन उचलणं बंद. एमआरआयआधी यंत्राचं कार्ड दाखवा.