छोटे शेजारी देश: स्पर्धा कशात करावी, सहकार्य कशात?

आपण एम.ए.च्या प्रकल्पासाठी विचारले आहे की, बाल्टिक समुद्राकाठचे एस्टोनिया, लात्व्हिया आणि लिथुएनिया हे तिन्ही देश जवळपास सारखाच माल बनवतात आणि त्याच बाजारपेठांत विकतात, तर त्यांच्यात आर्थिक सहकार्य होणार तरी कसे, आणि झाले तर त्यांतला दुबळा देश मागे पडणार नाही का. न्हावा-शेवा येथे कस्टम्स क्लिअरिंगच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे मी या प्रश्नाकडे बंदर आणि वाहतुकीच्या बाजूने पाहतो. माझे मत असे की, अशा देशांचे सहकार्य त्यांच्या आपापसातील व्यापाराच्या आकड्यांवरून मोजू नये. एकट्याला न परवडणारा कोणता खर्च ते वाटून घेऊ शकले, यावरून मोजावे.

आधी आकार लक्षात घ्या. तिन्ही देशांची मिळून लोकसंख्या सुमारे ६० लाख आहे, आणि २०११ च्या जनगणनेत आपल्या अविभाजित ठाणे जिल्ह्याचीच लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर होती. एवढ्या लहान बाजारपेठेत एकमेकांना माल विकून कोणीही फार मोठे होणार नाही. खरा ग्राहक बाहेर आहे, आणि त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वाहतुकीसाठी लिथुएनियाचे क्लाइपेडा, लात्व्हियाचे रिगा आणि एस्टोनियाचे टॅलिन ही बंदरे एकमेकांशी झगडत आली आहेत. उत्तर भारतातील कंटेनर न्हावा-शेव्याला पाठवायचा की मुंद्र्याला, हे जसे रेल्वेभाडे आणि बंदरात जाणारा वेळ पाहून ठरते, तसेच तिकडेही चालते. ही स्पर्धा माल पाठवणाऱ्याच्या हिताची आहे आणि ती संपवण्याचे काही कारण नाही.

ती कुठे बिघडते, याचे एक उदाहरण प्रकल्पात अवश्य घ्या. लिथुएनियातील माझेइक्याइ येथील तेलशुद्धीकरण कारखाना पोलंडच्या ऑर्लेन कंपनीचा आहे. वाहतुकीच्या दरांवरून तिचा लिथुएनियाच्या सरकारी रेल्वेशी वाद झाला आणि आपला काही माल लात्व्हियाच्या रेल्वेकडे वळवण्याचा विचार तिने सुरू केला. त्यानंतर २००८ मध्ये लिथुएनियन रेल्वेने लात्व्हियाकडे जाणारा १९ किलोमीटरचा लोहमार्गच उखडून टाकला. दुरुस्तीचे कारण पुढे करण्यात आले, परंतु युरोपीय संघाचे नियम राबवणाऱ्या युरोपीय आयोगाने ते मानले नाही आणि २०१७ मध्ये सुमारे २ कोटी ८० लाख युरोंचा दंड ठोठावला. संघाच्या न्यायालयाने पुढे तो सुमारे २ कोटींवर आणला आणि मार्गही पुन्हा टाकला गेला. भाडे कमी करून गिऱ्हाईक राखणे ही स्पर्धा झाली. त्याचा रस्ताच काढून टाकणे ही निव्वळ अडवणूक झाली. दोन्ही देश युरोपीय संघात असल्यामुळे त्यांच्यावर एक पंच होता. तो नसता तर प्रकरण मंत्र्यांच्या बैठकांत किती वर्षे घोळत राहिले असते, याची कल्पना सरकारी फायलींशी संबंध आलेल्या कोणालाही करता येईल.

आता सहकार्याची बाजू. नैसर्गिक वायूसाठी तिघेही रशियावर अवलंबून होते. लिथुएनियाने २०१४ मध्ये क्लाइपेडा येथे द्रवरूप वायूचे तरंगते टर्मिनल सुरू केले. लात्व्हियात इन्चुकाल्न्स येथे वायूचा मोठा भूमिगत साठा आधीपासूनच आहे. आणि २०२० पासून समुद्राखालची वाहिनी एस्टोनियाला फिनलंडशी जोडते. एका देशाकडे आयातीची सोय, दुसऱ्याकडे साठवण आणि तिसऱ्याकडे नवा जोडमार्ग, अशी ही विभागणी आहे. यात दुबळा मागे पडण्याऐवजी प्रत्येकाच्या साधनाला शेजाऱ्याचे गिऱ्हाईक मिळते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला येथेच दिसते. वीजजाळ्याबाबतही तसेच झाले: फेब्रुवारी २०२५ मध्ये तिघांनी एकाच वेळी रशिया-बेलारूसच्या जाळ्यातून बाहेर पडून युरोपच्या जाळ्याशी जोडणी केली.

तुलनेसाठी बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग घ्यावेत. त्यांचा सीमाशुल्क करार १९४४ मध्ये लंडनमध्ये, निर्वासित सरकारांनी केला आणि १९४८ पासून तो अमलात आला. तरीही रॉटरडॅम आणि अँटवर्प यांची चुरस आजही तेवढीच तीव्र आहे. याउलट बेल्जियममधील गेंट बंदराची मोठी जहाजे डच हद्दीतील टेर्न्यूझनच्या जलपाशांतूनच (पाण्याची पातळी बदलून जहाजे पुढे सोडणाऱ्या, दरवाजे असलेल्या कप्प्यांतूनच) समुद्राला पोहोचतात, म्हणून गेंटने त्या बाजूच्या डच बंदरांशी २०१८ मध्ये थेट विलीनीकरण केले. शेजारी तेच, पण एका ठिकाणी चुरस आणि दुसऱ्या ठिकाणी एकच कंपनी, कारण गेंटला समुद्राकडे जाण्याचा दुसरा सोयीचा जलमार्ग नव्हता.

प्रकल्पासाठी वायूचाच विषय निवडा. शेतीमालाच्या व्यापारात शिरलात तर अनुदानांच्या जंजाळात अडकाल. त्यातही हिशेबाच्या वाटणीकडे विशेष लक्ष द्या. २०२० मध्ये फिनलंड, एस्टोनिया आणि लात्व्हिया यांनी वायुवाहतुकीचा समाईक दरविभाग केला, म्हणजे आपापसातील सीमांवरचे वाहतूक शुल्क काढून टाकले, पण लिथुएनिया त्यात आला नाही, कारण शुल्काच्या उत्पन्नातील तुटीची भरपाई कोणी आणि किती करायची यावर एकमत झाले नाही.