‘हेडफोन लावला की हा आमचा मुलगा राहत नाही’

“मॅडम, घरात कुणाला उलटून बोलत नाही हो तो. रोज रात्री आजीचे पाय चेपतो. पण मोबाइलवर गेम खेळायला हेडफोन कानाला लावला की तोंडातून जे बाहेर पडतं, ते मला तुमच्यासमोर उच्चारवत नाही.”

१६ वर्षांच्या ओंकारची आई सांगत होती. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) ही तक्रार घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यांना बहुधा दोनच उपाय सुचलेले असतात: मोबाइल काढून घ्यायचा, नाहीतर वायफाय बंद करायचं. या आईनं दोन्ही करून पाहिलं होतं. माझ्याकडे यायला मात्र कारण घडलं ते जत तालुक्यातल्या तिच्या भावाच्या फोनचं. “ताई, पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. ओंकारदादानं सगळ्यांसमोर ‘बॉट’ म्हणून स्क्वॉडमधून काढलं, एवढंच बोलतंय.”

बॉट म्हणजे संगणकानं चालवलेला, सहज मरणारा खेळाडू. थोडक्यात, माणूसच नव्हे. स्क्वॉड म्हणजे गेममधली टीम. मामेभाऊ १३ वर्षांचा. (या वयात त्यानं हा गेम खेळावा का, हे मी मामांशी स्वतंत्र बोलले.)

ओंकार हाताची घडी घालून बसला. मी म्हटलं, “मला बीजीएमआय, म्हणजे तुमचा तो गोळीबाराचा मोबाइल गेम, खेळता येत नाही. शिकव.” घडी सुटली. शंभर जण विमानातून उतरतात, चौघांचा एक स्क्वॉड असतो, गोळी लागून ‘नॉक’ झालेला साथीदार गुडघ्यांवर रांगतो आणि त्याला उठवायला जवळ बसून काही सेकंद द्यावे लागतात, हे त्यानं हातवारे करत समजावलं. मग आवाज चढला. “आम्ही घरात लपलेलो असतो आणि नूब, म्हणजे कच्चे लोक उगाच गोळ्या झाडतात. सगळ्यांना आमची जागा कळते. मी क्राऊनमध्ये, वरच्या रँकमध्ये आहे मॅडम. यांच्यामुळे माझे पॉइंट जातात.”

‘अरे, गेमच तर आहे’ असं मी म्हटलं नाही, आणि पालकांनीही म्हणू नये. रँक चढवायला त्यानं दोन महिने घातले होते. राग खराच होता. प्रश्न होता तो राग कुणावर आणि कसा निघतो याचा.

“भावाकडे फोन कुठला आहे?” मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. तिथूनच फोन लावायला सांगितला. स्पीकरवर बारीक आवाज आला. मोबाइल मामांचा जुना. स्क्रीन उजवीकडे वरच्या कोपऱ्यात फुटलेली. रेंज फक्त गच्चीवर, आणि संध्याकाळी पिंग (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) दोनशेच्या वर, म्हणजे गेम अडखळत चालणार.

ओंकार गप्प झाला. नंतर मला म्हणाला, “वर उजवीकडेच मिनी मॅप, छोटा नकाशा असतो. पावलांचा, गोळीचा आवाज कुठून येतोय ते तिथं दिसतं. त्याला काही दिसतच नसणार.” थोड्या वेळानं पुन्हा, “आणि पिंग ज्याचा त्यालाच दिसतो, मॅडम.”

पण प्रत्येक कच्च्या खेळाडूचा फोन फुटलेला नसतो. काही जण खरंच नवखे असतात, काहींना खेळ कधीच जमत नाही. त्यांचं काय? पुढच्या भेटीत मी हेच विचारलं. ओंकार बराच वेळ टेबलाची कड नखानं खरवडत होता. मग सहावीतली गोष्ट निघाली. क्रिकेटच्या कोचिंगला तो जायचा. नेटमध्ये त्याला बॅटिंग मिळायची नाही, बॉल आणायला पळवायचे. मोठी मुलं त्याला ‘पाणक्या’ म्हणायची. चार महिन्यांनी त्यानं जाणं सोडलं. घरी सांगितलं, कंटाळा आला. आईला खरं कारण त्या दिवशी, माझ्या खोलीत कळलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोलली नाही. तेच बरं झालं.

“मग त्यांना कच्चं लिंबू धरायचं का?” त्यानं विचारलं. प्रश्न मला फार आवडला. गल्लीत धाकट्याला आपण लिंबूटिंबू करून खेळात घ्यायचो, बाद झाला तरी बाद धरायचो नाही. त्यात माया होती. पण लिंबूटिंबू झालेल्या पोराला विचारा, त्याला खरा डाव हवा असतो. दया दाखवून भागत नाही. त्याला जमेल असं खरं काम द्यावं लागतं.

म्हणून आम्ही बोलायची भाषाच बदलायला घेतली. “डोळे फुटलेत का?” याच्या जागी “डावीकडे, दगडामागे ये.” पहिल्या वाक्यानं समोरचा गोठतो आणि आणखी चुकतो, दुसऱ्यानं त्याला निदान पुढचं पाऊल कळतं. स्वतः मेला की दोन मिनिटं माइक बंद, कारण सगळ्यात घाण तेव्हाच बाहेर पडते. नवख्यांबरोबर रँकचा डाव लावायचा नाही, रँक नसलेला साधा डाव खेळायचा. आणि कुणी शिवीगाळ केलीच तर म्यूट करून रिपोर्ट करायचं, उलट शिवी नाही. आईला एकच काम दिलं: डाव चालू असताना खोलीत जाऊन ओरडायचं नाही, जेवताना ‘आज टीममध्ये कोण होतं?’ एवढं विचारायचं.

भावाची माफी मागायला त्याला तीन आठवडे लागले. मी घाई केली नाही. फोनवर मागितली, पण स्क्वॉडमधल्या त्याच मुलांना ऐकू जाईल अशी. अपमान सगळ्यांसमोर झाला होता, म्हणून ते त्याचं त्यानंच ठरवलं.

अनोळखी खेळाडूंवर तो अजूनही घसरतो. गेल्या आठवड्यात एकाला शिवी दिली, आणि सत्रात स्वतःहून सांगितली. त्यावर काम चालू आहे. परवा मात्र भाऊ नॉक झाला, समोर दोन शत्रू होते, तरी ओंकार त्याला उठवायला गेला आणि दोघेही मेले. “डाव गेला,” तो मला सांगत होता. “तो सॉरी-सॉरी करायला लागला. म्हटलं, गप, तू आधी आडोशासाठी धुराचा बॉम्ब टाकून धूर सोडायला शीक. मग पुढचा डाव अर्धा तास तेच केलं. धूर सोडायचा, पळायचं, बसायचं.”