दीड महिन्याच्या बाळाला महापालिकेच्या आरोग्य केंद्रातली मोफत लस द्यावी की खासगी डॉक्टरकडची? मोठ्यांनाही तिथे लसी मिळतात का?

केंद्रातच द्या, बिनधास्त. मी एएनएम, म्हणजे केंद्रात लसी देणारी सरकारी नर्स होते, आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नातला सूर ओळखीचा आहे. आमच्या थोरल्या जाऊबाईंचाही तोच.

माझ्या नातीला दीड महिन्याच्या लसी मीच केंद्रात नेऊन दिल्या. डाव्या मांडीत पेंटा (पाच रोगांवरची एकच लस), उजव्या मांडीत न्यूमोकोकल (न्यूमोनियाची), दंडात आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन), तोंडातून पोलिओ आणि रोटा (जुलाबाची). रात्री पोरीला ताप भरला, मांडी टणक झाली, रडून घर डोक्यावर घेतलं. सकाळी जाऊबाई हजर. "तरी सांगत होते, सरकारी ठिकाणी नेऊ नकोस. आमच्या नातवाला पेनलेस दिली, पोरगं हसत घरी आलं."

ताप येतो तो पेंटातल्या डांग्या खोकल्याच्या लसीमुळे. तिच्यात अख्खे मारलेले जंतू असतात. पेनलेसमध्ये, म्हणजे खासगीत मिळणाऱ्या त्याच लसीच्या दुसऱ्या प्रकारात, जंतूंचे निवडक भाग असतात, म्हणून ताप कमी, पण संरक्षणही लवकर ओसरतं. हे मी त्यांना चहा देता देता सांगितलं. "तुझं आपलं सरकारी ज्ञान" म्हणून त्यांनी उडवून लावलं. नातीला वजनाच्या हिशोबाने पॅरासिटॅमॉल दिलं, अंगावरचं दूध चालू ठेवलं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मांडी चोळू नका आणि त्यावर काही लावू नका, एवढंच.

पुढे त्यांच्या नातवाच्या साडेतीन महिन्यांच्या लसीला सून घरी नव्हती, म्हणून मला सोबत नेलं. क्लिनिकचं नाव घेत नाही. एसी, भिंतीवर कार्टून, सगळं झकास. लस काढायला फ्रिज उघडला तो घरातला साधा. कुप्या दाराच्या कप्प्यात, शेजारी दुधाची पिशवी आणि कुणाचा तरी जेवणाचा डबा. मी विचारलं, तापमान कुठे लिहिता? काउंटरवरच्या मुलीने असं पाहिलं, जणू मी तिचा पगार विचारला. जाऊबाईंनी कोपराने ढोसलं. मी गप्प बसले, पण तो डबा अजून डोळ्यांसमोर आहे.

आमच्याकडे लस आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत. दिवसातून दोनदा तापमान वहीत, रविवारी आणि दिवाळीतही. भारनियमनात वीज गेली की झाकणाला कुणी हात लावायचा नाही, आतला बर्फ गारवा धरून ठेवतो. लसीकरणाच्या सत्राला निघताना कॅरियरमध्ये (लस न्यायच्या डब्यात) चार आइसपॅक, पण फ्रीझरमधून काढले की लगेच भरायचे नाहीत. बाहेर ठेवायचे, कानाशी धरून हलवायचे, आत पाणी खुळखुळलं की मगच. नाहीतर पेंटा गोठते, आणि गोठलेली पेंटा फेकूनच द्यावी लागते. कुपीवर एक वर्तुळ असतं, त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवरच लस वापरायची. सिस्टरला दाखवा म्हणा. थोडी चिडेल, पण दाखवेल.

बीसीजी (क्षयरोगाची) आणि गोवर-रुबेलाच्या कुपीतली पावडर एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून बऱ्याच केंद्रांत त्या ठरलेल्या वारीच देतात. आधी वार विचारून घ्या. पण गोवराची लस पुढे ढकलत बसू नका. 2022 च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या गोवंडीत गोवराच्या साथीने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

मोठ्यांचं म्हणाल तर गरोदर बायकांना टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) मोफत. कुत्रा चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा, रेबीजची लस तिथे मिळते. फ्लू वगैरे हवी असेल तर बहुतेक ठिकाणी विकतच घ्यावी लागते.

आता हेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते. कांजिण्या, गालगुंड, हिपॅटायटिस ए या लसी सरकारी वेळापत्रकात नाहीत. टायफॉइडही नाही, नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये दिली होती ती वेगळी मोहीम. या हव्या असतील तर खासगीतच जा, आणि खुशाल फ्रिज बघायला मागा. लसींसाठी वेगळा फ्रिज ठेवून तापमान लिहिणारे डॉक्टरही आहेत. बाळाला झटके आले असतील किंवा आधीच्या डोसला जोरात त्रास झाला असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. साठा कधी कधी संपतो, तेव्हा पुढच्या सत्राला या म्हणतात, त्यावर भांडून उपयोग नाही.

जाऊबाईंच्या नातवाचा दीड वर्षाचा बूस्टर सुनेने गुपचूप केंद्रात दिला. जाऊबाईंना अजून माहीत नाही, आणि त्या इंटरनेट वापरत नाहीत. गर्दी असते, सकाळी लवकर जा. लस दिल्यावर अर्धा तास बसा, पळू नका. आणि कार्ड न्या. कार्ड घरी विसरून येणाऱ्यांवर मी अजूनही भडकते.