गाड्यांच्या कारखान्यात प्लास्टिक खरंच पुन्हा वापरतात का, की नुसती जाहिरात?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ‘रीसायकल प्लास्टिक वापरतो’ असं कार कंपन्या सांगतात त्यात तथ्य किती, वीज वाचवतात म्हणजे नेमकी कुठे वाचवतात, आणि सर्व्हिस सेंटरला बदललेल्या बंपरचं पुढे काय होतं. मी चाकणला एका सप्लायरकडे मोल्डिंगमध्ये काम करतो. आमच्याकडून बंपर आणि डॅशबोर्डचे भाग गाडीच्या कंपनीला जातात, म्हणून यातलं बरंचसं रोज डोळ्यांसमोर असतं.

आधी थेट उत्तर. कारखान्याच्या भिंतीच्या आत प्लास्टिक पुन्हा वापरलं जातं हे खरं, आणि त्यामागे पर्यावरणापेक्षा पैसा जास्त आहे. पण रस्त्यावर पंधरा वर्षं धावून भंगारात गेलेल्या गाडीचं प्लास्टिक परत नव्या गाडीत येणं, ही गोष्ट अजून फार थोडी होते. जाहिरातीत या दोन्हींना एकच शब्द वापरतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आतलं काम सोपं का, ते सांगतो. प्लास्टिकचा दाणा (आमचा कच्चा माल) वितळवून साच्यात दाबला की लहान भागांसोबत रनर निघतो, म्हणजे प्लास्टिक साच्यात जिथून वाहत गेलं ती काडी. मशीन सुरू करताना पहिले काही शॉट वाया जातात. रंग बदलताना बॅरल (दाणा जिथे वितळतो ती नळी) साफ करायला माल बाहेर काढावा लागतो, त्याचे मोठाले लंप्स पडतात. हा सगळा माल स्वच्छ असतो, कुठल्या ग्रेडचा आहे हे माहीत असतं, आणि मशीनच्या शेजारीच ग्राइंडर असतो. दळला की रीग्राइंड तयार. ड्रॉइंगमध्ये जेवढी परवानगी असेल तेवढाच तो व्हर्जिन, म्हणजे कोऱ्या, दाण्यात मिसळता येतो. दिसणाऱ्या किंवा सुरक्षेशी संबंधित भागाला बहुधा अजिबात नाही, आतल्या झाकणांना, पट्ट्यांना थोडा. इथे अट एकच, आणि ती पाळणं सगळ्यात कठीण: गोणी चुकता कामा नये. बंपरचा पीपी (पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक) साधारण २०० ते २४० अंशांना वाहतो. त्यात नायलॉन-६६चा तुकडा आला, तर तो २६० अंशांच्या आसपास वितळणारा, म्हणजे बॅरलमध्ये खड्यासारखा घट्टच राहतो आणि गेटमध्ये, म्हणजे साच्याच्या अरुंद तोंडात, अडकतो. एका चुकीच्या गोणीने अख्खी शिफ्ट बसते. म्हणून चांगल्या मोल्डिंग शॉपची पारख मशीन बघून करू नका, रीग्राइंडच्या गोण्यांवर लेबलं कशी लावलीत ते बघा.

बंपरला रंग लागला की गणित बदलतं. रंगवलेला बंपर नाकारला गेला (धूळ बसली, रंग ओघळला, छटा जुळली नाही) आणि तो तसाच दळला, तर रंगाचे कण पीपीत वितळत नाहीत. ते ठिपक्यांसारखे दिसतात आणि आघात झाला की तडा तिथूनच सुरू होतो. बंपरचं कामच आघात सोसण्याचं, म्हणून हा माल पुन्हा बंपरमध्ये घालायचा तर आधी रंग खरवडून किंवा रसायनाने काढावा लागतो. जपानी कंपन्या हे काम कित्येक वर्षं करतायत. आपल्याकडे बहुतेक वेळा तो दळून चाकावरच्या आतल्या लायनरला, गाडीखालच्या झाकणाला किंवा थेट बाहेरच्या व्यापाऱ्याला जातो. यात वाईट काही नाही, लायनरला दिसायची गरज नसते. फक्त त्याला ‘बंपरचा बंपर झाला’ म्हणू नये.

आता जुनी गाडी. साधारण गाडीत दीडशे किलोच्या आसपास प्लास्टिक असतं, पण ते एक प्लास्टिक नसतं. बंपर पीपीचा, त्यात रबरासारखा ईपीडीएम आणि टाल्कची पूड. हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची, टेललाइट ॲक्रिलिकची, एअर इनटेक काचतंतू घातलेल्या नायलॉनचा, सीट पीयू फोमची, पेट्रोलची टाकी एचडीपीईच्या अनेक थरांची, मधे वाफ अडवणारा वेगळाच थर. प्रत्येक मोठ्या भागाच्या पाठीवर जातीचा शिक्का असतो, उलट्या-सुलट्या बाणांच्या कंसात. तुमच्या गाडीचा एखादा भाग उघडलात तर जरूर बघा. पण तो शिक्का माणसाने वाचायचा. गाडी एकदा श्रेडरमध्ये गेली आणि तळहाताएवढे तुकडे झाले की शिक्का कोण वाचणार?

मग वेगळं कसं करायचं? पाण्यात टाकून, हा जुना आणि स्वस्त उपाय. साधा पीपी पाण्याहून हलका, तो तरंगतो, एबीएस (गाडीतलं दुसरं एक प्लास्टिक) बुडतो. पण बंपरच्या पीपीत वीस टक्के टाल्क घातला की त्याची घनता १.०५च्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ एबीएसएवढी. दोघेही तळाला. दुसरा उपाय म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने ओळखणारी यंत्रं. पण गाडीतलं प्लास्टिक बहुतेक काळं, आणि काळ्या रंगासाठी वापरलेली काजळी हा प्रकाश गिळून टाकते. यंत्राला काहीच दिसत नाही. त्यावर आता वेगळ्या लांबीच्या लहरी, लेझर, स्थिर विद्युत असे मार्ग निघालेत, पण महाग आहेत. आणि गंमत अशी की मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंड या भंगार-वस्तीतला अनुभवी माणूस तुकडा वाजवून, नखाने खरवडून, लायटरने टोक जाळून वासावरून जात सांगतो. धूर नाकात जातो हे वाईटच, त्याचं कौतुक करू नये. पण मोठमोठ्या यंत्रांना जे जमत नाही ते काम आजही या लोकांच्या नाकावर चालतं हे खरं आहे. आमच्या बाजूला कुदळवाडी-चिखलीचा भंगारपट्टा होता. २०२५च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली बांधकामं पाडली, आणि तिथे होणारी ही निवड विखुरली.

गाडीतला एक भाग मात्र खरंच गोल फिरतो: बॅटरीची पेटी. शिसं मौल्यवान, म्हणून जुनी बॅटरी दुकानदार पैसे देऊन परत घेतो, आणि शिशाबरोबर पीपीची पेटीही परत येते. ती धुऊन, दळून पुन्हा बॅटरीची पेटी होते. प्लास्टिकला स्वतःची किंमत फारशी नसली तरी शेजारच्याला असेल तर तेही तरतं.

पाण्याच्या बाटल्यांपासून सीटचं कापड, या जाहिरातीबद्दल माझं मत चांगलं नाही. कापड होतं, खोटं काही नाही. पण पेट बाटली आपल्याकडे कचरावेचक आधीच उचलतात, कारण तिला भाव आहे. तिची पुन्हा बाटली होऊ शकते, सीटचं कापड झालं की पुढचा रस्ता जवळपास बंद. म्हणजे कंपनी दुसऱ्याच्या साखळीतला चांगला माल उचलते आणि स्वतःच्या बंपरकडे बघत नाही. जुन्या गाडीच्या प्लास्टिकपासून नवी गाडी किती बनली, हा आकडा विचारा. युरोपीय आयोगाने २०२३च्या जुलैमध्ये मांडलेल्या प्रस्तावात नेमकं हेच होतं: नव्या गाडीतलं २५ टक्के प्लास्टिक रीसायकल केलेलं हवं, आणि त्यातलाही चौथा हिस्सा जुन्या गाड्यांतूनच आलेला हवा. त्यावर उद्योगाने बरीच ओढाताण केली. त्याआधीचा २००० सालचा युरोपीय नियम फक्त वजन मोजायचा, गाडीच्या वजनाचा ८५ टक्के भाग परत वापरात आला की झालं. गाडीत धातूच इतका असतो की प्लास्टिकला फारसा हात न लावताही मोठा पल्ला गाठता येतो. आपल्याकडे जुन्या वाहनांचे नियम १ एप्रिल २०२५पासून लागू झाले, त्यात उत्पादकांची जबाबदारी पोलादाच्या वजनात मोजली आहे. प्लास्टिकवर तसा दाब नाही.

आता वीज. लोकांना वाटतं रोबो, वेल्डिंग, मोठाले प्रेस यांत वीज जाते. जाते, पण गाडीच्या कारखान्यात सगळ्यात खादाड विभाग पेंट शॉप, आणि तिथेही रंगावर नाही, हवेवर. स्प्रे बूथमध्ये वरून खाली हवा सतत वाहती ठेवावी लागते, म्हणजे उडालेला रंग खाली जातो. बूथ २० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद धरा, हवेचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. गुणाकार करा: दर सेकंदाला ४० घनमीटर हवा. ती हवा साधारण २३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या आसपास हवी. चाकणला मे महिन्यात बाहेर चाळीस अंश आणि कोरडं, जुलैत सगळं ओलंचिंब. पावसाळ्यात ओलावा काढायला हवा आधी गार करायची आणि मग परत गरम करायची, म्हणजे दोनदा पैसे. आणि एवढं करून जुन्या पद्धतीत ही हवा एकदाच वापरून बाहेर सोडून देतात.

म्हणून खरी बचत दिसते ती या हवेत. खाली पाण्याच्या पडद्याऐवजी चुनखडीच्या भुकटीने किंवा कागदी फिल्टरने रंग पकडला, तर हवा ओली होत नाही आणि तिचा ऐंशी टक्क्यांवर भाग पुन्हा फिरवता येतो. दुसरी युक्ती फुकटात होण्यासारखी: तापमानाचा एकच आकडा धरून न बसता, रंग सहन करतो तेवढी मुभा ठेवायची, हिवाळ्यात थोडं खाली, उन्हाळ्यात थोडं वर. तिसरी, भट्ट्याच कमी करायच्या. बॉडीच्या पहिल्या थराची भट्टी साधारण १६० ते १८० अंशांची, पुढच्या थरांची १४०च्या आसपास. मधल्या प्रायमरची भट्टी गाळून तीन थर ओल्यावर ओले मारायचे आणि एकदाच भाजायचे, ही पद्धत माझदाने २००२च्या सुमारास आणली आणि नंतर अनेकांनी घेतली. बंपर मात्र या भट्टीत जाऊच शकत नाही, पीपी वाकेल, म्हणून त्याचा रंग ८०-९० अंशांना सुकणारा वेगळा असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बंपर आणि बोनेटची छटा किंचित वेगळी दिसते, त्याचं एक कारण हे.

आमच्या मोल्डिंगमध्ये गोष्ट वेगळी. जुन्या हायड्रॉलिक मशीनचा पंप साचा थंड होत असतानाही पूर्ण वेगाने फिरत राहतो, काम काही नसताना. सर्व्हो मोटर लावली की पंप गरजेपुरताच फिरतो, तीस ते पन्नास टक्के वीज सहज वाचते. बॅरलला उष्णतारोधक जॅकेट घातलं की हीटर कमी वेळ चालतो, आणि मशीनपाशी उभ्या ऑपरेटरला उन्हाळा सुसह्य होतो (हा फायदा कुठल्याच अहवालात येत नाही). पण सगळ्यात दुर्लक्षित चोर म्हणजे कॉम्प्रेस्ड एअर. कंप्रेसरला दिलेल्या विजेतला जेमतेम दहावा हिस्सा कामाला येतो, बाकी उष्णता. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं भोक असेल तर सुमारे ३ किलोवॅट सतत जातात. वर्षभरात २६ हजार युनिट, युनिटला आठ रुपये धरले तरी दोन लाखांच्या वर. शनिवारी मशीन बंद झाल्यावर शॉपमध्ये फिरा, फुस्स आवाज कुठे येतो ते ऐका, त्याला सल्लागार लागत नाही. दाब एक बारने कमी केला तर सहा-सात टक्के वीज आणखी वाचते. पण दाब कमी करा म्हटलं की प्रत्येक लाइनचा सुपरवायझर म्हणतो, ‘आमच्याकडे नको, दुसरीकडे करा.’

महाराष्ट्रातलं सार्वजनिक उदाहरण द्यायचं तर महिंद्राचं. २०१६मध्ये ईपी१०० या जागतिक उपक्रमात सही करणारी ती पहिली वाहन कंपनी, म्हणजे तेवढ्याच ऊर्जेत दुप्पट उत्पादन काढण्याचं वचन. त्यांच्या इगतपुरीच्या इंजिन कारखान्याला पुढे कार्बन न्यूट्रल असल्याचं प्रमाणपत्रही मिळालं. शब्दाला शेवटी किती जागतात ते तपासत राहावं, पण आकडा जाहीर केला की तो विचारता येतो, एवढं तरी होतं.

प्लास्टिक आणि वीज हे दोन प्रश्न तुम्ही वेगळे विचारलेत, पण शॉप फ्लोअरवर ते एकाच ठिकाणी भेटतात, रिजेक्शनच्या रॅकवर. साडेतीन-चार किलोचा रंगवलेला बंपर नाकारला गेला तर त्यात काय काय गेलं बघा. व्हर्जिन पीपीच्या एका किलोमागे कच्चं तेल धरून ७०-८० मेगाज्यूल ऊर्जा असते, मोल्डिंगला किलोमागे एक-दोन युनिट, वर त्या वातानुकूलित हवेचा, भट्टीचा, रंगाचा वाटा. तो दळून परत वापरला तर फक्त दाण्याचा भाग हाती येतो, बाकी सगळं गेलेलं असतं. म्हणून रंगात धूळ का बसते याचा छडा लावणारी क्वालिटीतली मुलगी माझ्या मते रीसायकलिंगच्या कुठल्याही मोहिमेपेक्षा जास्त ऊर्जा वाचवते. तिचं नाव कुठल्याही हिरव्या पत्रकात नसतं.

आता तुमच्या बदललेल्या बंपरबद्दल. तो बहुतेक सर्व्हिस सेंटरच्या मागे ढिगात पडतो आणि वजनावर भंगारवाल्याला जातो, तिथून दळून कुंड्या, क्रेट, बादल्या अशा कशात तरी. पण बंपर बदलायची गरज होती का, हा आधीचा प्रश्न. पीपी हे वितळणारं प्लास्टिक आहे, तडा गेला तर गरम पिना रोवून किंवा त्याच जातीच्या पट्टीने वेल्डिंग करून तो नीट सांधता येतो. नेहमीच्या विमा पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, त्यामुळे पूर्वी लोक दुरुस्ती विचारायचे. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) आल्यापासून मालकाच्या खिशाला झळ लागत नाही, वर्कशॉपला नवा भाग विकण्यात जास्त सुटतं, आणि बोटभर तड्यासाठी अख्खा बंपर जातो. पुढच्या वेळी सर्व्हिस ॲडव्हायझरला आधी ‘हा सांधता येईल का’ एवढं विचारा. मागे हुकाच्या जागा शाबूत असतील आणि तडा दिव्याच्या किंवा सेन्सरच्या बैठकीतून जात नसेल, तर बहुतेक वेळा येतो.