अभ्यासक्रम एकाचा, संसार दोघांचा

परदेशात शिकणाऱ्या जोडप्यांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. देश वेगळे आहेत आणि व्हिसाचे नियमही वेगळे आहेत, पण तक्रारीचे मूळ बहुतेक ठिकाणी एकच दिसते. कागदपत्रांवर एक जण मुख्य अर्जदार ठरतो आणि दुसरा त्याच्यावर अवलंबून असतो. ही मांडणी कार्यालयाच्या सोयीसाठी असते, पण पाहता पाहता ती घरातही शिरते. तिला घराबाहेर ठेवणे हे दोघांचे काम आहे आणि ते आपोआप होत नाही, असे माझे ठाम मत आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझे पती अमेरिकेत पीएच.डी. करत आहेत आणि मी त्यांच्यासोबत एफ-२ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, राहते. येण्यापूर्वी मी अनेक वर्षे नोकरी करत होते. सुरुवातीचे महिने आनंदात गेले. आता वर्ष होत आले आहे आणि सकाळी उठावेसेच वाटत नाही, क्षुल्लक कारणाने रडू येते. पती प्रयोगशाळेतून उशिरा येतात. मी काही बोलू लागले की, ‘तुला तर सगळा दिवस मोकळा आहे, मला एवढा वेळ मिळाला असता तर किती बरे झाले असते,’ असे म्हणतात. ते मनाने वाईट नाहीत, हे मी जाणते. माझेच काही चुकते आहे का?

उत्तर : तुमचे काही चुकलेले नाही. ज्या महिन्यांत तुम्हाला हे जाणवू लागले, ते महिनेही अनपेक्षित नाहीत. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे देशबांधवांचा अभ्यास 1955 मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी किंवा अठरा महिन्यांहून अधिक काळ तेथे राहिलेल्यांच्या मानाने, सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना तेथील जीवनाशी जुळवून घेणे अधिक जड गेले होते, असे त्यांना आढळले. पुढच्या संशोधनात हा निष्कर्ष प्रत्येकाला लागू पडत नाही हे दिसून आले, त्यामुळे त्याला नियम समजू नये. तरीही पहिल्या नवलाईनंतर मन खाली जाणे हा स्वभावाचा दोष नाही, एवढे समजण्यासाठी तो पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या पतींनीही वाचावी, अशी माझी विनंती आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातील बदलांमुळे येणाऱ्या ताणाचे एक मापन तयार केले. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण आहेत आणि इतर घटनांचे गुण त्या तुलनेत ठरवलेले आहेत. आर्थिक स्थितीतील बदलाला 38, राहणीमानातील बदलाला 25, घर बदलण्याला 20 आणि सामाजिक व्यवहारातील बदलाला 18 गुण आहेत. तुमच्या वाट्याला हे सारे बदल एकाच वेळी आले. पतींच्याही वाट्याला त्यांतील बरेचसे आले, पण त्यांना त्यासोबत मार्गदर्शक, सहकारी, वेळापत्रक आणि ओळखपत्र मिळाले. तुम्हाला यांतले काहीच मिळाले नाही. एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणजे हा दिवस तुम्ही स्वतः मोकळा ठेवलेला नाही, कायद्याने तो मोकळा करून टाकला आहे. निवडलेली सुट्टी आणि लादलेली सुट्टी यांत फार मोठे अंतर असते, आणि पती ज्याचा हेवा करतात ती पहिल्या प्रकारची सुट्टी आहे.

आता काय करता येईल ते पाहू. एफ-२ व्हिसाधारकाला मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळापेक्षा कमी अभ्यासक्रम घेता येतो. पूर्णवेळ शिकायचे असेल तर आधी स्वतःचा विद्यार्थी दर्जा मिळवावा लागतो. एखादाच विषय घेतला तरी आठवड्यातील काही तास तुमच्या नावाचे होतात, आणि पुढे नोकरीसाठी अर्ज करताना मधल्या काळाचा हिशेबही देता येतो. सार्वजनिक ग्रंथालयांत इंग्रजी संभाषणाचे आणि इतर विषयांचे वर्ग बऱ्याच ठिकाणी विनामूल्य चालतात. स्वयंसेवेचा विचार करत असाल तर एक भेद नीट ध्यानात ठेवावा. ज्या कामाला एरवी पगार दिला जातो, ते काम पगार न घेता केले म्हणून ते स्वयंसेवा ठरत नाही. सेवाभावी संस्थेतील जे काम मुळातच बिनपगारी असते, तेच करावे. जुन्या कार्यालयाचे काम घरी बसून करण्याचा मोह अनेकांना होतो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा किंवा स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, कारण त्याचा परिणाम दोघांच्याही मुक्कामावर होऊ शकतो.

घरात मात्र व्हिसाचा नियम चालत नाही. बँकेच्या खात्यावर तुमचे नाव असावे, घराच्या भाडेकरारावर तुमची सही असावी, विम्याची आणि प्रवासाची कागदपत्रे तुम्हालाही ठाऊक असावीत. प्रत्येक खरेदीसाठी कार्ड मागून घ्यावे लागते तेव्हा माणूस आतून लहान होत जातो, आणि समोरच्याला ते कळतही नाही. पतींशी बोलायचे असेल तर ते रात्री दमून घरी आल्या क्षणी बोलू नका. सुट्टीच्या दिवशी एक ठरावीक वेळ मागून घ्या आणि ‘तुम्ही मला समजून घेत नाही’ या वाक्याऐवजी ‘आठवड्यातून दोन संध्याकाळी आपण सातच्या आत एकत्र असावे’ यासारखी मोजता येईल अशी मागणी करा. संशोधन करणाऱ्या माणसाला अमूर्त तक्रारीपेक्षा ठोस मागणी लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

शेवटचा मुद्दा टाळू नये असा आहे. उदासी, झोप किंवा भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे, असे बहुतेक दिवस दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटावे. विद्यापीठाचे समुपदेशन केंद्र अनेकदा केवळ विद्यार्थ्यांसाठी असते, म्हणून आपल्या आरोग्य विम्यात मानसिक उपचार येतात का, हे याच आठवड्यात पाहून ठेवावे. आणि स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला, तर अमेरिकेत 988 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते.

प्रश्न : आम्ही दोघेही जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेत आहोत आणि एकाच खोलीच्या घरात राहतो. दोघांच्या परीक्षा एकाच वेळी येतात. त्या आठवड्यांत भांडी, कपडे आणि स्वयंपाक यांवरून रोज भांडण होते. आम्ही कामांची यादी करून भिंतीवर लावली, तरी फरक पडला नाही. माझी पत्नी म्हणते की मी मदत करतो, पण जबाबदारी घेत नाही. दोन्हींत फरक तो काय?

उत्तर : तुमच्या पत्नी जे सांगत आहेत ते अगदी नेमके आहे आणि म्हणूनच यादीचा उपयोग झाला नाही. यादीवर काम लिहिलेले असते, पण ते काम करण्याची वेळ झाली आहे हे ओळखणे, साबण संपत आला आहे हे दोन दिवस आधी लक्षात ठेवणे, धुलाई यंत्राची पाळी राखून ठेवणे, हे यादीवर लिहिलेले नसते. हा भार डोक्यात वाहायचा असतो आणि परीक्षेच्या दिवसांत डोक्यातली जागाच सर्वांत अपुरी असते. तुम्ही सांगितलेले काम करता, म्हणजे सांगण्याचे काम त्यांच्याकडेच राहते. यावर उपाय असा की कामे एकेक करून न वाटता संपूर्ण विभाग वाटावेत. कपडे तुमचे, तर धुलाईच्या पावडरीपासून घड्या कपाटात जाईपर्यंत सारे तुमचे, आणि त्याबद्दल पत्नीने एकदाही आठवण करून द्यायची नाही. काही दिवस कपडे उशिरा धुतले जातील. ते त्यांनी सोसावे, मध्ये पडू नये.

परीक्षेच्या काळासाठी वेगळा करार करा. त्या आठवड्यांत घर नेहमीसारखे राहणार नाही, हे आधीच मान्य करून टाका आणि किमान काय व्हायलाच हवे तेवढेच ठरवा. एका खोलीत दोघांनी समोरासमोर बसून अभ्यास करण्याचा हट्ट सोडून द्यावा. एकाने सकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावे, दुसऱ्याने दुपारनंतर. प्रत्येकाला दिवसातून काही तास त्या खोलीत एकट्याने राहायला मिळणे ही चैन नाही, गरज आहे. शिवाय एकमेकांचे गुण विचारणे आणि तुलना करणे पूर्ण बंद ठेवावे. एकाच शाखेत शिकणाऱ्या जोडप्यांत मला याहून अधिक दुखावणारी गोष्ट आढळलेली नाही.

अर्धवेळ कामाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला जर्मनीत मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. ही मर्यादा दोघांना स्वतंत्रपणे लागू होते. त्यामुळे वर्षाच्या आरंभीच दोघांचे कामाचे दिवस एकाच दिनदर्शिकेत मांडा आणि परीक्षेचे महिने कोरे ठेवा. सार्वजनिक आरोग्य विम्यात, पतिपत्नींपैकी एकाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर त्याला वेगळा हप्ता न भरता दुसऱ्याच्या विम्याखाली येता येते. रेडिओ-दूरदर्शनसाठी भरावे लागणारे प्रसारण शुल्कही माणशी नसून घरामागे एकच असते. दोघे स्वतंत्रपणे आलेली जोडपी या दोन्ही गोष्टींत पुष्कळदा दुप्पट पैसे भरत राहतात. तुमचे तसे होत नाही ना, हे तपासा.

प्रश्न : माझी पत्नी ब्रिटनमध्ये पीएच.डी. करते. मी तिच्यासोबत आलो आणि गोदामात पाळीची नोकरी करतो. मायदेशी मी अधिकारी होतो. घर माझ्या पगारावर आणि तिच्या विद्यावेतनावर चालते. घरच्यांचा फोन आला की मी कामाबद्दल बोलणे टाळतो, आणि हल्ली पत्नीच्या मित्रमंडळींत जाणेही टाळू लागलो आहे. तिला हे सांगितले तर तिला अपराधी वाटेल, म्हणून गप्प आहे.

उत्तर : तुम्ही गप्प आहात हे तुमच्या पत्नींना नक्कीच कळलेले असणार, फक्त कारण कळलेले नसणार. माणूस कारणाचा अंदाज करू लागला की बहुधा सर्वांत वाईट अंदाज करतो. त्यांना अपराधी वाटू नये म्हणून तुम्ही जे लपवत आहात, त्यामुळेच त्यांना उद्या अधिक अपराधी वाटेल. म्हणून सांगा, आणि सांगताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तिच्या शिक्षणाबद्दल तुम्हाला खंत नाही, ही एक, आणि तुमच्या स्वतःच्या व्यवसायाचे पुढे काय, हा प्रश्न तुम्हाला छळतो आहे, ही दुसरी.

ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याच्या जोडीदाराला जवळजवळ कोणत्याही क्षेत्रात पूर्णवेळ काम करता येते. अमेरिकेतील भगिनीचे पत्र वर आलेच आहे, त्यामानाने तुमच्यापुढे वाट आहे. तेव्हा गोदामातील नोकरी किती काळ करायची, याची एक तारीख दोघांनी मिळून ठरवा. तोपर्यंत आठवड्यातील एक पाळी कमी करून तो वेळ आपल्या क्षेत्रातील पात्रता मिळवण्यासाठी आणि अर्ज करण्यासाठी राखून ठेवा. पगार थोडा कमी होईल, आणि तो भार उचलण्यात पत्नींचाही वाटा असू द्या. तीन वर्षे तुम्ही तिच्यासाठी थांबायचे आणि नंतर तिने तुमच्यासाठी, असा तोंडी हिशेब अनेक घरांत होतो. हा हिशेब स्पष्ट शब्दांत बोलून ठेवलेला बरा, कारण तीन वर्षांनी दोघांच्या आठवणी सारख्या असत नाहीत.

घरच्यांना काय सांगावे? खरे ते सांगावे. मेहनतीची नोकरी करून जोडीदाराला शिकवणारी स्त्री आपल्याकडे कौतुकाचा विषय होते. तेच पुरुषाने केले तर त्याने मान खाली का घालावी, हे मला कधीच पटलेले नाही.

प्रश्न : पुढील वर्षी मी एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी परदेशी जाणार आहे. देश अजून ठरलेला नाही. आम्ही दोघांनी एकत्र जावे की पत्नीने नंतर यावे?

उत्तर : हा निर्णय पुष्कळसा देशावर अवलंबून आहे, म्हणून देश ठरवतानाच तो घ्यावा, प्रवेश मिळाल्यावर नव्हे. ब्रिटनमध्ये जानेवारी 2024 पासून सुरू होणाऱ्या अध्यापनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना जोडीदार सोबत नेता येत नाही. ती मुभा मुख्यतः संशोधनाधारित अभ्यासक्रमांना उरली आहे. कॅनडात 21 जानेवारी 2025 पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला खुला (एका ठरावीक मालकाशी न बांधलेला) कामाचा परवाना मिळण्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान सोळा महिन्यांचा असावा लागतो. डॉक्टरेट आणि काही व्यावसायिक अभ्यासक्रमांना वेगळी तरतूद आहे. म्हणजे तुमचा एक वर्षाचा अभ्यासक्रम या दोन्ही देशांत अडचणीचा ठरेल. ऑस्ट्रेलियात मात्र पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या जोडीदाराला अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर कामाच्या तासांची मर्यादा नसते. हे नियम वारंवार बदलतात, म्हणून अर्जापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहावे.

नियम अनुकूल असले तरी पत्नींना तेथे काय करायचे आहे, हे तुमच्या पत्रात कोठेच नाही. ‘पत्नीने नंतर यावे का’ हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला असता तर तो कसा विचारला असता, याचा विचार करा आणि देशांची यादी त्यांच्यासोबत बसून पुन्हा करा. एक वर्ष वेगळे राहायचे ठरले, तर परत भेटण्याचा महिना आणि त्या तिकिटाचे पैसे निघण्यापूर्वीच बाजूला ठेवा. एकत्र जायचे ठरले, तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आजच काढून पाहा. त्यावरील दोघांच्या नावांची अक्षरे पारपत्रावरील नावांशी जुळत नसतील, तर ती दुरुस्त करून घेण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ अर्जाच्या मुदतीत मोजलेला नसतो.